पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं: नववी-दहावीच्या गणिताचं एक प्रकरण

ऑक्टोबर २०२३ मध्ये माझ्या मुलीची नववीची प्रथम सत्र परीक्षा झाली. गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुणांचे. बीजगणितात ११, भूमितीत ९. आठवीपर्यंत ती वर्गात पहिल्या दहांत असायची. पेपर हातात देताना तिने एकच वाक्य म्हटलं, "आई, सरांचं काही कळतच नाही." त्याच आठवड्यात तिच्या दोन मैत्रिणींच्या घरीही हेच वाक्य ऐकू आलं. तेव्हापासून मे २०२५ मध्ये दहावीचा निकाल लागेपर्यंत काय काय केलं, काय फसलं आणि काय लागू पडलं, ते इथे लिहिते आहे. गणित कच्चं राहिलेल्या मुलामुलींच्या घरी यातलं थोडं तरी उपयोगी पडेल असं वाटतं.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. माझी दहावी १९९८ ची, तेव्हा गणित १५० गुणांचं असायचं आणि मला ६४ मिळाले होते. पैशांचा हिशोब मला डोळे मिटून जमतो, पण बीजगणिताशी माझा संबंध त्या वर्षीच संपला होता. त्यामुळे "मीच शिकवते" हा मार्ग माझ्याकडे नव्हता. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, वर्गात ५८ मुलं. शाळेचं आणि शिक्षकांचं नाव घेत नाही. प्रकरण समजायला ते लागतही नाही.

वर्गात काय चालायचं

मुलीला मी तक्रार नको, वर्णन सांग म्हटलं. तास सुरू झाला की सर फळ्यावर उदाहरण लिहितात, त्याखाली गाइडमधलं उत्तर ओळीमागून ओळ उतरवतात, मुलं वहीत उतरवून घेतात. कुणी "हे कसं आलं?" विचारलं तर सर तीच ओळ पुन्हा मोठ्याने वाचतात. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणतात, "एवढं पाठ कर, परीक्षेत हेच येतं." वह्या तपासल्या जातात, पण शेवटच्या ओळीखाली लाल सही एवढंच. आतली चूक कुणी पाहत नाही. सर ओरडत नाहीत, मारत नाहीत, तासाला वेळेवर येतात. विज्ञान तर ते फार सुंदर शिकवतात, पेशी आणि पचनसंस्था तिला आजही त्यांच्या शब्दांत आठवतात.

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. खरं तर प्रकरणाची किल्ली त्यातच होती.

पहिली चूक माझी

दिवाळीच्या आधीच्या पालकसभेत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुम्ही गाइडमधून उतरवता, मुलांना समजत नाही." मागून दोघातिघांनी साथ दिली. एका वडिलांचा आवाज चढला. सरांचा चेहरा पडला, ते काहीच बोलले नाहीत. मुख्याध्यापकांनी "लक्ष घालतो" म्हणून विषय बदलला. पुढचे काही आठवडे सरांनी माझ्या मुलीला वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. ते रागाने की अवघडल्यामुळे, मला माहीत नाही, पण मुलगी त्यांच्याकडे बघायलाही कचरायला लागली. मी बोलले ते खोटं नव्हतं. पण ५८ मुलांच्या पालकांसमोर ते बोलून मी एका माणसाची मान खाली घालायला लावली आणि त्याची किंमत माझ्या लेकीने वर्गात मोजली. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरा उपाय सगळे करतात तोच केला. दिवाळीनंतर तिला खाजगी क्लासला घातलं. तिथे सत्तरच्या आसपास मुलं, नववीचा अभ्यासक्रम धावत संपवून दहावी सुरू करण्याची घाई, आणि "महत्त्वाचे प्रश्न" असे छापील कागद. शाळेत जे सावकाश कळत नव्हतं ते इथे वेगाने कळेनासं झालं. दोन महिन्यांत क्लास सोडला. क्लास वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. पाया पक्का असलेल्या मुलांना तिथे सराव मिळतो. आमचा पाया कुठे खचलाय हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

वहीत काय सापडलं

ते कळलं एका रविवारी, जानेवारीत. मी सत्र परीक्षेचा बीजगणिताचा पेपर पुन्हा काढला. ४० पैकी ११ म्हणजे २९ गुण गेले. कॅश जुळली नाही की आम्ही संस्थेत एकेक व्हाउचर काढून फरक कुठला ते शोधतो. तसंच केलं. प्रत्येक गेलेल्या गुणासमोर तिलाच लिहायला सांगितलं: तो कशामुळे गेला? गणित मला येत नव्हतं, पण विचारता येत होतं. अडलं तिथे शेजारी राहणाऱ्या, तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलाला बोलावलं.

दोन तासांनी यादी तयार झाली. चिन्हांच्या आणि समीकरण सोडवण्याच्या चुकांत १३ गुण. अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीत ६. शाब्दिक उदाहरणांना हातच लावला नाही, त्यात ७. आणि नववीत नव्याने शिकवलेलं न आल्यामुळे गेलेले गुण फक्त ३.

मी ते आकडे बराच वेळ बघत बसले. पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरच्या क्रिया, समीकरणं हे सगळं सहावीच्या पुस्तकातलं. ही मुलं सहावीत होती २०२०-२१ मध्ये. त्या वर्षी शाळा बंद होत्या. पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले तेच २७ जानेवारी २०२१ पासून, आणि वर्षाअखेर परीक्षा न घेता सगळ्यांना पुढच्या वर्गात पाठवलं. सातवीतही शाळा नीट सुरू झाली ती ऑक्टोबरमध्ये. माझ्या मुलीची सहावी माझ्याच मोबाइलवर झाली होती. मी संस्थेत जाताना मोबाइल घेऊन जायचे, म्हणजे तिचे सकाळचे कितीतरी तास बुडायचे. हे मला आठवत होतं. त्याचा नववीच्या ११ गुणांशी संबंध असेल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

म्हणजे सरांचा दोष नव्हता का? होता. दर आठवड्याला वही हातात येत असताना आतली चूक न पाहणं हा शिकवण्यातला मोठाच दोष आहे, आणि पाहिली असती तर जुलैतच कळलं असतं. पण "सरांचं कळत नाही" या एका वाक्याखाली दोन वेगळ्या गोष्टी दडल्या होत्या, आणि त्यातली एक सर बदलूनही सुटली नसती.

तराजू

इथे एक चूक सविस्तर सांगते. वहीतल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मी क्ष आणि य लिहिते. गुणोत्तराच्या एका उदाहरणात शेवटी ३क्ष = १२ आलं होतं. तिने पुढे लिहिलं होतं: क्ष = १२ − ३ = ९.

विचारलं, का? ती ठामपणे म्हणाली, "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं ना! अधिकचं वजा होतं." हे वाक्य सरांचं. वर्गातल्या सगळ्यांना ते पाठ होतं. क्ष + ३ = १२ असेल तर ते चालतं, म्हणून बऱ्याच वेळा उत्तर बरोबर यायचं. पण नियम कशावर उभा आहे हे माहीत नसल्यामुळे तो कुठे लावायचा नाही हेही माहीत नव्हतं. या एका चुकीने तिचे सगळ्यात जास्त गुण खाल्ले होते.

माझ्या सासऱ्यांचं पूर्वी किराणा दुकान होतं. त्यांचा जुना तराजू माळ्यावर होता. त्यांनी स्वतःच तो काढला, साखळ्या पुसल्या. आम्ही तांदळाच्या तीन सारख्या पुड्या बांधल्या, एका पारड्यात ठेवल्या. दुसऱ्यात एक किलो आणि दोनशे ग्रॅमचं वजन. काटा मधोमध. आजोबांनी नातीला विचारलं, "आता एका पुडीचं वजन सांग. दोन्हीकडून सारखंच काहीतरी करायचं, म्हणजे काटा हलणार नाही."

ती म्हणाली, "दोन्हीकडून तीन काढू."

"तीन काय काढू? तीन पुड्या काढल्या तर या पारड्यात राहिलं काय?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "तीन हे वजन नाहीये. तीन म्हणजे किती पुड्या ते." आणि मग, "म्हणजे दोन्हीकडचे तीन वाटे करायचे." १२०० चे तीन वाटे, ४००. त्यानंतर आजोबांनी एक पुडी आणि शंभर ग्रॅमचं वजन एका बाजूला ठेवलं, समोर पाचशे. उत्तर तिला आधीच माहीत होतं, त्यामुळे सगळं लक्ष कृतीवर राहिलं: इथे शंभर दोन्हीकडून काढायचे, तिथे वाटे करायचे. एकाच सकाळी एकामागोमाग दोन्ही पाहिल्यामुळे फरक डोक्यात बसला.

त्या दिवसापासून वहीत "पलीकडे नेलं" हा शब्दच वापरायचा नाही असं ठरलं. प्रत्येक ओळीच्या उजवीकडे लिहायचं: दोन्ही बाजूंतून ३ वजा केले, दोन्ही बाजूंना ३ ने भागलं. सुरुवातीला तिला ते कंटाळवाणं वाटलं. दोन महिन्यांत न लिहिता बरोबर यायला लागलं, तेव्हा आपोआप सुटलं.

बाकीच्या चुकाही अशाच एकेक करून धरल्या. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच, असं ती करायची. तिला फक्त एवढं विचारलं की अर्ध्यात आणखी काही मिळवलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल? (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, ही चूक वर्गातल्या बहुतेकांची होती. चौकटीच्या कागदावर ७ बाय ७ चा चौरस काढला, बाजूचे ३ आणि ४ असे भाग पाडले. ९ चा एक चौरस, १६ चा एक, आणि उरलेले १२-१२ चे दोन आयत तिनेच रंगवले. "हे दोन आम्ही दर वेळी हरवत होतो," ती म्हणाली. विस्तारसूत्रातलं "२अब" तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं.

दोन अंकी संख्येच्या शाब्दिक उदाहरणात मात्र मला स्वतःला आनंद झाला, कारण ते माझ्या काउंटरवरचं निघालं. अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते. मुलगी संख्या "क्षय" अशी लिहायची, दोन अक्षरं शेजारी ठेवून, आणि मग त्याचा गुणाकार समजून अडकायची. मी दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी काढली. क्ष नोटा आणि य नाणी, म्हणजे रुपये किती? १०क्ष + य. अदलाबदल म्हणजे नोटा य, नाणी क्ष. एका नाण्याच्या जागी नोट आली की ९ रुपये वाढतात, २७ वाढले म्हणजे असं तीनदा झालं. नाणी नोटांपेक्षा तीनने जास्त, दोन्ही मिळून ९. तीन नोटा, सहा नाणी. ३६. समीकरणं तिने नंतर मांडली, आणि उत्तर आधीच हातात असल्यामुळे ती मांडताना घाबरली नाही.

सरांकडून काय घ्यायचं

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी शाळेत एकटी गेले. मधल्या सुट्टीत सरांना भेटले. आधी पालकसभेतल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मग म्हटलं, "सर, आज तक्रार घेऊन आले नाही. हिच्या चुकांची यादी केली आहे, तुम्ही एकदा बघावी."

त्यांनी यादी शांतपणे वाचली. थोड्या वेळाने म्हणाले, "ताई, माझा विषय प्राणिशास्त्र. गणित मी बारावीतच सोडलं. आमचे गणिताचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, तास माझ्याकडे आले. मी रोज रात्री गाइड घेऊन बसतो तेव्हा उद्याचा तास होतो."

हे कारण एका शाळेपुरतं नाही. माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान बहुधा एकाच बी.एस्सी., बी.एड. शिक्षकाकडे असतात. पदवीला त्याचा विषय वनस्पतिशास्त्र होता, प्राणिशास्त्र होता की गणित, हे वेळापत्रक आखताना पाहिलं जातंच असं नाही. त्यात राज्यात २०१२ नंतर बरीच वर्षं शिक्षकभरती जवळपास थांबलेली होती. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि पटसंख्येवरून शाळेची शिक्षकपदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत पद टिकलं तरच पुढची आशा. त्यावर इतर कामं. त्याच जानेवारीत मराठा समाजाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षकांना घरोघर पाठवलं होतं, आमचे सरही आठ-दहा दिवस वाड्यावस्त्यांवर फिरत होते. पुढे लोकसभेची निवडणूक आली, नोव्हेंबरमध्ये विधानसभेची. या सगळ्यातून मुलांचं नुकसान भरून निघत नाही, हे मला माहीत आहे. पण समोरचा माणूस आळशी नाही, घाबरलेला आहे, हे कळल्यावर त्याच्याशी कसं बोलायचं ते बदलतं.

प्रश्न विचारण्याची पद्धत त्यानंतर बदलली, आणि शाळेकडून जे काही मिळालं ते बरंचसं त्यामुळेच. "सर, समजलं नाही" या प्रश्नाला सरांकडे उत्तर नव्हतं, कारण नेमकं काय समजलं नाही हे त्यांना ओळखता येत नव्हतं. म्हणून मुलगी रोज एक चिठ्ठी करायची. त्यावर उदाहरण, आणि ज्या दोन ओळींमध्ये अडलं त्या दोनच ओळी. खाली प्रश्न: "या ओळीतला वजा चार खालच्या ओळीत अधिक चार कसा झाला?" मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी जायचं, एकच चिठ्ठी, एकच प्रश्न. एवढ्या नेमक्या प्रश्नाला सर बहुतेक वेळा चांगलं उत्तर द्यायचे. एकदा त्यांना आलं नाही. ते म्हणाले, "उद्या सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी फोनवर विचारून त्यांनी खरंच सांगितलं. त्या दिवशी मुलगी घरी आली ती वेगळीच होती. शिक्षकालाही एखादी गोष्ट शोधावी लागते, आणि ती शोधण्यात लाज नाही, हे तिने पाहिलं होतं.

घरी मी एक पथ्य पाळलं. सरांबद्दल वाईट बोलायचं नाही, तिच्यासमोर तर नाहीच. ज्याच्याबद्दल मनात तुच्छता आहे त्याच्यासमोर मूल प्रश्न घेऊन उभं राहत नाही.

रविवारची चार मुलं

मार्चपासून आमच्या गच्चीवर रविवारी सकाळी चार मुलं जमायला लागली. माझी मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी आणि मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा. शिकवणारं मोठं माणूस कुणी नव्हतं. दोन नियम होते. समजावणाऱ्याने पेन धरायचं नाही, लिहायचं ऐकणाऱ्याने. आणि कुणी उत्तर सांगितलं तर "कशावरून?" विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पुस्तक वापरण्याची एक रीत इथे फार कामाला आली. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक सरावसंचाआधी सोडवलेली उदाहरणं असतात. मुलं ती वाचून पुढे जातात आणि वाचलं की कळलं असं वाटतं. मी संस्थेतली जुनी, रद्द झालेली पासबुकं आणली. पासबुकाने उदाहरण झाकायचं, फक्त पहिली ओळ उघडी ठेवायची. पुढची ओळ स्वतः वहीत लिहायची, मग पासबुक एक ओळ खाली सरकवून पडताळायचं. जिथे आपली ओळ आणि पुस्तकातली ओळ वेगळी, तिथे थांबायचं. कित्येकदा दोन्ही बरोबर असायच्या, मार्ग वेगळा असायचा, आणि त्यावरची चौघांची चर्चा ऐकण्यासारखी असायची.

भूमितीत दुखणं वेगळं होतं. समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय मुलीला पक्ष, साध्य, सिद्धता असं तोंडपाठ होतं. मी त्रिकोण आडवा काढला आणि एबीसीच्या जागी पीक्यूआर अक्षरं दिली, तर तिला सुरुवातच करता येईना. मग कागदाचा त्रिकोण कापून मधोमध दुमडला, दोन भाग एकमेकांवर बसले. कोणत्या दोन बाजू आणि कोणता कोन यामुळे ते बसणारच होते, हे तिने बोटाने दाखवलं. सिद्धतेतल्या प्रत्येक विधानापुढे कंसात कारण असतं, ते आजवर ती गाळून वाचत होती. आता उलट केलं: विधानं उघडी, कारणं झाकलेली.

पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमधून दीक्षा ॲपवरचे व्हिडिओही पाहिले. भौमितिक रचनांसाठी ते उत्तम, कंपास कुठे टेकवला ते थांबवून पाहता येतं. बीजगणितात मात्र त्यांनी आम्हाला फसवलं. व्हिडिओ बघताना सगळं समजतं आणि कोऱ्या कागदावर काहीच उतरत नाही. म्हणून बीजगणितासाठी ते बंद केले.

वेळापत्रक

दहावीला तेच सर दोन्ही भाग शिकवणार होते. यावेळी आम्ही चौदा पालकांनी एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना अर्ज दिला. त्यात सरांविरुद्ध एक शब्द नव्हता. मागणी एवढीच होती: सातवीला शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेची पदवी गणिताची आहे, दहावीचे गणिताचे तास त्यांच्याकडे द्यावेत आणि त्यांचे विज्ञानाचे तास सरांना द्यावेत. पदसंख्या बदलत नाही, कुणाचा भार वाढत नाही. मुख्याध्यापक आधी "एकदा दिलं तर सगळेच मागतील" म्हणाले. आम्ही तीनदा गेलो. शेवटी जूनमध्ये अर्धं मिळालं. भूमिती बाईंकडे गेली, बीजगणित सरांकडेच राहिलं. सरांनी या बदलाला विरोध केला नाही. मला वाटतं त्यांनाही थोडं हलकं झालं असावं.

ऑक्टोबरच्या पालकसभेचा आरडाओरडा आणि हा अर्ज, दोन्हींमागचं दुःख एकच होतं. एकाने वर्गात अबोला आला, दुसऱ्याने आठवड्यातले निम्मे तास बदलले.

दहावीचं बीजगणित जड गेलं नाही असं नाही. वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी चिठ्ठ्या आणि पासबुकावर निभावली. अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर्स आले, तिथे मी थोडीफार कामाला आले. सराव परीक्षांच्या वेळी प्रश्नपत्रिकेचा आराखडा चौघांना समोर ठेवून समजावला: ४० पैकी ४ गुण बहुपर्यायी, ७ गुणांच्या "कृती पूर्ण करा", ज्यात निम्म्याहून जास्त वाट छापूनच दिलेली असते. ओळ झाकून पुढची ओळ लिहायची सवय झालेल्या मुलांना या कृती सोप्या गेल्या.

निकाल

१३ मे २०२५ ला निकाल लागला. माझ्या मुलीला गणितात १०० पैकी ७४. दोन मैत्रिणींना ६१ आणि ५२. चौथा, तो मागच्या बाकावरचा मुलगा, २६ वर अडकला.

त्याच्याबद्दल लिहिलं नाही तर हे प्रकरण खोटं होईल. तो चौघांत सगळ्यात चलाख होता. तराजूवरची उदाहरणं त्याने तोंडी सोडवली होती. पण ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की तो रविवारी आई-वडिलांबरोबर बागेत जायचा, मग विरळणी, मग माल निघेपर्यंत तसंच. मार्चमध्ये आलेला मुलगा डिसेंबरमध्ये दिसेनासा झाला. आम्ही रविवार सकाळ ठरवली तेव्हा ती वेळ कुणाला सोयीची आणि कुणाला नाही याचा विचारच केला नव्हता. पुढे त्याने पुरवणी परीक्षा दिली. जूनमध्ये तीन आठवडे रोज रात्री आठला, बागेतून आल्यावर, माझी मुलगी आणि तो आमच्या ओट्यावर बसायचे. ३८ गुण मिळाले. आता तो आयटीआयला आहे.

सर अजून त्याच शाळेत नववीला गणित शिकवतात. जागा भरलेली नाही. वर्गात त्यांनी चिठ्ठ्यांचा एक डबा ठेवलाय असं ऐकते. किती मुलं त्यात चिठ्ठी टाकतात, विचारलं नाही.

माझा धाकटा यंदा आठवीत आहे, जूनमध्ये त्याच वर्गात जाईल. परवा मी त्याला ३क्ष = १२ लिहून दिलं. त्याने क्षणात ४ लिहिलं. कसं आलं विचारलं तर म्हणाला, "तीन पलीकडे गेला की खाली जातो." उत्तर बरोबर होतं. मी माळ्यावरून तराजू काढला.